काटक म्हणजे निरोगी नव्हे!

आपल्या वस्त्यांमध्ये एक शब्द मोठ्या कौतुकाने वापरला जातो. तो शब्द म्हणजे ‘काटक’. अंगावर मांस नाही, बरगड्या मोजून घ्याव्यात, उंची वयाच्या मानाने दोन वर्षांनी मागे. पण पोरगं दिवसभर उन्हात पळतं, डोक्यावर पाण्याची कळशी घेऊन चढण चढतं. मग आई-बाप समाधानाने म्हणतात, ‘आमचं पोर किडकिडीत असलं तरी काटक आहे.’ शाळेतले गुरुजीही तेच म्हणतात. ऊसतोडीच्या फडात आईबरोबर मोळ्या बांधणाऱ्या बारा वर्षांच्या मुलाकडे पाहून मुकादमही तेच म्हणतो. आणि अहवाल लिहिणाऱ्या सरकारी बाबूला तर हा शब्द फारच सोयीचा आहे. कारण एकदा ‘काटक’ म्हटले की ‘उपाशी’ म्हणावे लागत नाही!

आई-बापांच्या तोंडचा हा शब्द मायेचा आहे. त्याबद्दल आमची तक्रार नाही. आमची तक्रार आहे ती या शब्दाला शास्त्राचा अंगरखा चढवणाऱ्यांबद्दल. आज शाळाशाळांतून मुलांची ‘तंदुरुस्ती’ मोजली जाते. या मोजमापाचे आम्ही स्वागतच करतो. परंतु मोजतात काय, ते कशाने भागतात आणि कोणाच्या मुलाशी ताडून पाहतात, हे समाजाने समजून घेतले नाही तर हेच मोजमाप आपल्या मुलांची भूक झाकण्याचे साधन होईल, हा धोका आहे.

निरोगी मुलाची व्यायामक्षमता मोजतात म्हणजे नेमके काय करतात? माणूस पळू लागला की त्याच्या स्नायूंना जास्त प्राणवायू लागतो. फुप्फुस तो हवेतून घेते, रक्तातले हिमोग्लोबिन तो वाहून नेते, हृदय तो ढकलते आणि स्नायू तो वापरतात. या साखळीतील एक कडी जरी कमजोर असली तरी पळणे लवकर थांबते. म्हणून एका मिनिटाला शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, हा आकडा व्यायामक्षमतेचे सर्वात विश्वासाचे माप मानला जातो. 1920 च्या दशकात इंग्लंडमध्ये ए. व्ही. हिल या नोबेलविजेत्या शास्त्रज्ञाने या कल्पनेचा पाया घातला. 1938 साली अमेरिकेत सिड रॉबिन्सन याने लहान मुलांपासून वृद्धांपर्यंत पुरुषांची अशी मोजणी केली. 1952 साली स्वीडनच्या पेर-ओलोफ ऑस्ट्रँड याने मुलामुलींची मोजणी प्रसिद्ध केली. पुढची कितीतरी वर्षे जगभर या मोजणीचे दाखले दिले गेले.

प्रयोगशाळेत मुलाला ट्रेडमिलवर पळवतात किंवा जागच्या जागी फिरणाऱ्या सायकलवर बसवतात. तोंडाला मुखवटा लावून आत-बाहेर जाणारा वायू यंत्राने मोजतात, छातीला तारा लावून हृदयाचे ठोके पाहतात आणि दर मिनिटाला जोर वाढवत नेतात. साधारण आठ ते बारा मिनिटांत मूल दमून थांबेल अशी आखणी असते. लहान मुले मोठ्यांसारखी शेवटच्या टोकापर्यंत ताण धरत नाहीत, त्यामुळे त्यांच्या बाबतीत ‘कमाल’ आकड्याऐवजी त्या चाचणीतील सर्वोच्च आकडा घेतात. हे यंत्र महाग आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत ते येणार नाही. म्हणून मैदानावरच्या चाचण्या निघाल्या. कॅनडात लेजे आणि लँबर्ट यांनी 1982 साली वीस मीटर अंतरात शिट्टीच्या ठेक्यावर ये-जा करण्याची चाचणी बसवली. ताशी साडेआठ किलोमीटर वेगाने सुरुवात आणि दर मिनिटाला अर्धा किलोमीटर वाढ, अशी तिची पद्धत आहे. त्याशिवाय सहा मिनिटांत किती मीटर चालता येते ते पाहणारी चाचणी आहे, पायरी चढण्या-उतरण्याची चाचणी आहे. आपल्या देशात 2019 मध्ये सुरू झालेल्या खेलो इंडियाच्या शालेय मूल्यमापनात चौथीपासून पुढच्या मुलांचे उंची-वजनाचे गुणोत्तर, 50 मीटर धावणे, 600 मीटर धावणे किंवा चालणे, वाकून पाय गाठणे, पोटाचे व्यायाम आणि जोर हे मोजतात.

इथपर्यंत सगळे ठीक आहे. खरा प्रश्न पुढे आहे, आणि तो साध्या भागाकाराचा आहे.

प्रयोगशाळेत मिळालेला प्राणवायूचा आकडा लिटरमध्ये असतो. परंतु तो अहवालात तसा क्वचितच लिहितात. त्याला मुलाच्या वजनाने भागतात आणि ‘दर किलो वजनामागे इतके मिलिलिटर’ असे लिहितात. उदाहरणादाखल चौदा वर्षांची दोन मुले घेऊ. एक 160 सेंटिमीटर उंच आणि 46 किलो वजनाचे, खात्यापित्या घरातले. दुसरे 145 सेंटिमीटर उंच आणि 38 किलोचे, लहानपणापासून अर्धपोटी वाढलेले. पहिले मूल मिनिटाला सुमारे 2.2 लिटर प्राणवायू वापरते, दुसरे सुमारे 1.8 लिटर. म्हणजे दुसऱ्याची क्षमता जवळजवळ सहाव्या हिश्शाने कमी. आता दोन्ही आकड्यांना त्यांच्या त्यांच्या वजनाने भागा. दोघांचेही उत्तर येते 47-48 च्या घरात! आणि उंचीच्या वर्गाने वजन भागून जे गुणोत्तर काढतात, तेही दोघांचे येते 18! म्हणजे प्रगतिपुस्तकात ही दोन मुले सारखीच तंदुरुस्त ठरली. ज्या मुलाची वाढ खुंटली, त्याचे खुंटणे भागाकारात विरघळून गेले. ‘काटक’ या शब्दाचे गणित ते हेच.

हा भागाकार म्हणजे कोणी मुद्दाम केलेली लबाडी आहे, असे आम्ही म्हणत नाही. पळताना प्रत्येक जण स्वतःचेच वजन वाहत असतो, तेव्हा धावण्यापुरता तो हिशेब योग्य आहे. परंतु या पद्धतीत खोट आहे हे इंग्लंडचे वाढशास्त्रज्ञ जे. एम. टॅनर यांनी 1949 सालीच सांगून ठेवले होते. नुसत्या वजनाने भागले की हलके मूल उगाच वर चढते आणि वजनदार मूल उगाच खाली उतरते. तरीही सोपा म्हणून तोच भागाकार आजवर चालत आला आहे. आणि आयुष्य म्हणजे नुसती धावण्याची शर्यत नाही. सिमेंटची गोणी 50 किलोची असते. ती उचलणाऱ्याचे वजन विचारून हलकी होत नाही. उसाची मोळी, विटांची पाटी, गटारातून उपसलेला गाळ यांपैकी काहीच माणसाच्या वजनाने भागले जात नाही. पोलीस भरतीत मुलांना 7.26 किलोचा आणि मुलींना 4 किलोचा गोळा फेकावा लागतो. अर्धपोटी वाढलेल्या उमेदवारासाठी तिथे वेगळा गोळा ठेवलेला नसतो! 1600 मीटर धावण्यात कदाचित तो टिकेल, पण गोळ्यापाशी त्याचे बालपण त्याला आडवे येईल.

हे आमच्या मनचे नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील के. सत्यनारायण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1979 साली ग्रामीण पौगंडवयीन मुलांची सायकल-यंत्रावर चाचणी घेतली. बालपणी कुपोषणात वाढलेल्या मुलांची शरीरे लहान राहिली होती आणि शरीर लहान तशी कामाची क्षमताही कमी होती. त्याच सुमारास दक्षिण अमेरिकेतील कोलंबियात जी. बी. स्पर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळकरी मुलांवर प्राणवायूची मोजणी केली. थोड्याफार कुपोषित मुलांचा लिटरमधला आकडा कमी आला. वजनाने भागल्यावर मात्र तो फरक जवळजवळ नाहीसा झाला. त्यांनी इशारा दिला तो असा की ही मुले मोठी होऊन कष्टाची कामे करतील तेव्हा ही कमतरता त्यांना जाणवेल. गरिबाच्या मुलाच्या नशिबी अंगमेहनत आणि अंगमेहनतीला लागणारे शरीरच लहानपणी हिरावून घेतलेले, असा हा दुहेरी अन्याय आहे.

आता इथे आपल्या पुण्याचा संबंध येतो. 1982 साली पुण्यातील महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेने पोषणावरचा एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचे संपादक होते थोर संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे. त्या ग्रंथात डेव्हिड सेकलर या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने असा सिद्धांत मांडला की भारतातील मध्यम प्रमाणात खुरटलेली बहुसंख्य मुले ही कुपोषित नसून ‘लहान पण निरोगी’ आहेत. शरीराने परिस्थितीशी जुळवून घेतले आहे, त्यात बिघडले काय? सेकलर यांचा हेतू काय होता यात आम्ही जात नाही. परंतु या सिद्धांताचा सरकारी तिजोरीला केवढा फायदा! व्याख्या बदलली की कोट्यवधी मुले एका रात्रीत कुपोषणाच्या यादीतून बाहेर पडतात, आणि एक घासही वाढवावा लागत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेचे माजी संचालक डॉ. सी. गोपालन यांनी याला खडखडीत विरोध केला. गरिबांच्या मुलांसाठी एक माप आणि श्रीमंतांच्या मुलांसाठी दुसरे, हे शास्त्र नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. या देशाला हा प्रकार काही नवा नाही. एका माणसाला एक माप आणि दुसऱ्याला दुसरे, यालाच तर आपण हजारो वर्षे वर्णव्यवस्था म्हणत आलो!

‘भारतीय मूल मुळातच लहान चणीचे असते’ हे म्हणणेही 2006 साली निकालात निघाले. जागतिक आरोग्य संघटनेने ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतील चांगल्या परिस्थितीत वाढलेल्या बालकांची मोजमापे घेऊन नवी मानके प्रसिद्ध केली. त्यात भारतातील मुले दक्षिण दिल्लीची होती. पहिल्या पाच वर्षांत या सर्व देशांच्या मुलांची उंची जवळजवळ सारखीच वाढत असल्याचे दिसले. पोटभर अन्न, आईचे दूध, स्वच्छ पाणी आणि औषधोपचार मिळाला की ओस्लोचे मूल आणि दिल्लीचे मूल सारखेच वाढते. मग नंदुरबारचे, मेळघाटचे, बीडच्या तांड्यावरचे आणि मुंबईच्या झोपडपट्टीतले मूल तसे का वाढत नाही? दोष रक्तात नाही, दोष ताटात आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे 2019-21 चे आकडे काय सांगतात? महाराष्ट्रात पाच वर्षांखालील 35.2 टक्के बालके वयाच्या मानाने खुजी, 36.1 टक्के कमी वजनाची. 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी 57.2 टक्के रक्तक्षयाने ग्रासलेल्या. देशपातळीवर पाहिले तर अनुसूचित जातींमध्ये खुज्या बालकांचे प्रमाण सुमारे 39 टक्के, अनुसूचित जमातींमध्ये सुमारे 41 टक्के, तर या तिन्ही राखीव प्रवर्गांच्या बाहेरच्या समाजात सुमारे 30 टक्के. भुकेलाही या देशात जातीचा दाखला आहे!

रक्तक्षयाचा आणि व्यायामक्षमतेचा संबंध तर सरळ आहे. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे 1.34 मिलिलिटर प्राणवायू वाहते. ज्या मुलीचे हिमोग्लोबिन 12 आहे तिच्या शंभर मिलिलिटर रक्तात सुमारे 16 मिलिलिटर प्राणवायू मावतो. ज्या मुलीचे 8 आहे तिच्या रक्तात अकराही मावत नाही. एक तृतीयांश माल कमी घेऊन निघालेली ही गाडी आहे. हृदय जास्त ठोके देऊन भरपाई करू पाहते, आणि ती मुलगी 600 मीटरच्या निम्म्यावरच छाती धरून बसते. शिक्षक म्हणतात, ‘आळशी आहे, सवय नाही.’ प्रगतिपुस्तकात तिची तंदुरुस्ती कमी अशी नोंद होते. तिचे रक्त मात्र कोणी तपासत नाही, कारण या शालेय मूल्यमापनात हिमोग्लोबिनचा रकानाच नाही! दुसऱ्या देशांतील अभ्यासांतून असे दिसते की मुलांचा दर किलोमागचा आकडा आठ ते सोळा वर्षांत साधारण 48 च्या आसपास टिकून राहतो, तर मुलींचा 45 वरून 35 पर्यंत उतरतो. त्यातला काही भाग शरीराच्या नैसर्गिक बदलाचा आहे. पण ज्या घरात मुलगी वयात आली की तिचे मैदान बंद होते, पाणी भरणे आणि धाकटी भावंडे सांभाळणे सुरू होते आणि ती सर्वात शेवटी जेवते, त्या घरातील उतार निसर्गाच्या नावावर खपवता येणार नाही.

मग प्रश्न उरतो तो ‘निरोगी मूल’ कोणाला म्हणायचे हा. सहा मिनिटे चालण्याच्या चाचणीची मानके हाँगकाँगने आपल्या मुलांवरून काढली, ऑस्ट्रियाने आपल्या, ब्रिटनने आपल्या. अशा अभ्यासांत निरोगी म्हणजे बहुधा हृदयविकार, दमा, अपंगत्व नसलेले मूल. आपल्याकडे हीच व्याख्या घेतली तर रक्तक्षय असलेले, खुरटलेले मूलही ‘निरोगी’ म्हणून मानकात शिरेल आणि मानकच खाली येईल. पुढे त्या खाली आलेल्या मानकाशी ताडून सगळी मुले उत्तीर्ण! फुप्फुसाच्या चाचणीत हे प्रत्यक्ष घडून गेले आहे. अमेरिकेत कित्येक दशके काळ्या माणसांच्या फुप्फुसाचे अपेक्षित माप यंत्रातच दहा-पंधरा टक्क्यांनी कमी धरले जात असे. आशियाई माणसांचेही काही टक्क्यांनी. ‘त्यांचे असेच असते’ या गृहीतकाने खरा आजार झाकला गेला. 2023 साली अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने वंशनिरपेक्ष मापाची शिफारस केली. आपल्या मुलांच्या बाबतीत तीच चूक करून मग शंभर वर्षांनी दुरुस्त करायची काय?

मोजमापाला घाबरून चालणार नाही, हेही तितकेच खरे. मोजमापाचा शस्त्र म्हणून उपयोग कसा करायचा हे बाबासाहेबांनी आपल्याला दाखवून दिले आहे. इंग्रजांच्या काळात नाकाची लांबी-रुंदी मोजून जातींची वांशिक प्रतवारी लावण्याचा उद्योग झाला. लष्करी आणि बिगरलष्करी जाती ठरवून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची लष्करभरती बंद करण्यात आली. अशा मोजमापांना बाबासाहेबांनी नुसता विरोध केला नाही. 1948 साली प्रसिद्ध झालेल्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात त्यांनी तेच नाकाचे आकडे हातात घेतले आणि त्याच आकड्यांवरून ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे नाहीत हे सिद्ध करून दाखवले. आकडे ज्यांनी गोळा केले त्यांच्यावरच ते उलटवले. आपल्यालाही हेच करायचे आहे.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. मुलाच्या तंदुरुस्तीच्या नोंदीत गुणोत्तराबरोबर त्याची प्रत्यक्ष उंची, प्रत्यक्ष वजन आणि वयानुसार ते कुठे बसतात हे लिहिले पाहिजे. जिथे प्राणवायूची मोजणी होते तिथे लिटरमधला आकडाही दिला पाहिजे. वर्षातून एकदा हिमोग्लोबिन तपासून तो त्याच कागदावर आला पाहिजे. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांत जातच आहेत, त्यांना हे काम अशक्य नाही. आश्रमशाळा, जिल्हा परिषद शाळा, साखरशाळा यांतील मुलांची मोजणी झाली पाहिजे आणि तिचे निष्कर्ष सामाजिक प्रवर्गानुसार जाहीर झाले पाहिजेत. ज्या शाळेला मैदान नाही तिथल्या मुलाला मैदानी चाचणीत कमी ठरवण्याचा कोणालाही अधिकार नाही. उपाशीपोटी, भर उन्हात कोणत्याही मुलाला पळवता कामा नये. 2014 च्या जून महिन्यात मुंबईच्या पोलीस भरतीत पाच किलोमीटर धावताना तरुण उमेदवारांचे जीव गेले, ते आपण विसरलेलो नाही. आणि चाचणीत मागे पडलेल्या मुलाला शेरा नव्हे, आहार मिळाला पाहिजे.

आहाराचे नाव काढले की सरकारची क्षमता किती हे लगेच कळते. महाराष्ट्र सरकारने 2023 च्या नोव्हेंबरमध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचे ठरवले. आठवड्याला एक! 2025 च्या जानेवारीत त्या अंड्यासाठीचा निधीही थांबवला आणि शाळांनी लोकवर्गणीतून पैसे उभे करावेत असे सांगितले. संविधानाचे कलम 47 जनतेचे पोषणमान उंचावणे हे राज्याच्या प्राथमिक कर्तव्यांपैकी एक मानते. ज्या राज्याला एक अंडे जड झाले, त्याने पोरांना 600 मीटर पळवून त्यांची तंदुरुस्ती मोजावी, यापेक्षा मोठा विनोद तो कोणता?

आपल्या कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी, डॉक्टरांनी याकामी पुढे आले पाहिजे. विहारात, समाजमंदिरात एक वजनकाटा आणि भिंतीवर उंचीची पट्टी लावायला फार खर्च येत नाही. वस्तीतील प्रत्येक मुलाची उंची-वजनाची नोंद दर सहा महिन्यांनी वहीत झाली पाहिजे. ती वही घेऊन शाळेत, ग्रामसभेत, महापालिकेत जाता येते. नुसत्या भाषणाला टोलवता येते, आकड्यांना टोलवणे अवघड जाते.

आणि यापुढे कोणी आपल्या पोराकडे पाहून कौतुकाने ‘काटक आहे’ म्हणाले, तर आपण नम्रपणे एवढेच विचारावे: त्याची उंची किती, वजन किती, रक्त किती आणि काल रात्री ते काय जेवले? या चार प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर मग ते किती पळते ते अवश्य मोजा.